फुलात पीठ नाही

आपल्या सीमाभागातल्या घरांत भाजीला निदान दोन नावं असतात. आमच्या घरात तीन. वडलांकडची मंडळी कन्नड, आई निपाणीची मराठी आणि मी शेतकी शिकलेली. त्यामुळे एकच गड्डा आईच्या तोंडी कोबी, वडलांच्या तोंडी कोसु आणि माझ्या वहीत ब्रासिका ओलेरासिया. नवलकोलला वडील नविलुकोसु म्हणत. नविलु म्हणजे मोर. त्या हिरव्या गाठीत कुणाला मोर दिसला ते मला अजून उमगलेलं नाही. पण पानं पसरून उभं राहिलेलं झाड लांबून पाहिलं की थोडा संशय येतो खरा.

दोन भाषांचा हा वारसा मला नोकरीत फार उपयोगी पडला. धारवाडच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन १९९२ साली मी बियाण्यांच्या एका कंपनीत लागले. काम राणेबेन्नूर भागात, तेव्हाच्या धारवाड आणि आताच्या हावेरी जिल्ह्यात. हा सगळा पट्टा संकरित भाजीपाल्याच्या बीजोत्पादनासाठी प्रसिद्ध. टोमॅटो, मिरची, भेंडी, कापूस. गावोगावच्या बायका ‘क्रॉसिंग’च्या कामाला जातात. हा शब्द आता कन्नडच झालाय. ‘क्रॉसिंगक होंटेनी’ म्हणजे क्रॉसिंगला निघालेय, असं म्हातारी बाईसुद्धा सहज सांगते.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. संकरित बी म्हणजे दोन वेगवेगळ्या शुद्ध वाणांचं लग्न. पण टोमॅटोच्या फुलात नर आणि मादी एकाच घरात नांदतात. बाहेरचा नवरा आणायचा तर घरातल्याला आधी काढावं लागतं. म्हणून कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर अलगद उपटायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटात अंगठीसारखी बारीकशी वाटी घालायची, तिच्यात दुसऱ्या वाणाचा पराग असतो, आणि फुलाच्या मधल्या दांडीचं टोक त्यात बुडवायचं. खूण म्हणून फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांतल्या एकदोन कापायच्या. असं दिवसभर, फुलामागून फूल, कंबरेत वाकून. बोटं बारीक लागतात म्हणून त्या काळी लहान मुलींनाही ह्या कामाला जुंपत. कापसाच्या बीजोत्पादनात तर ते फारच होतं आणि पुढे त्यावर बरीच ओरडही झाली. व्हायलाच हवी होती.

टोमॅटोत हे परवडतं, कारण एका फळात शंभरावर बिया. कोबीच्या कुळात ते परवडत नाही. मोहरीचं फूल आठवा. चार पिवळ्या पाकळ्या, क्रुसासारख्या. आत सहा पुंकेसर, चार लांब आणि दोन आखूड. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी सगळ्यांची हीच ठेवण, रंग काय तो थोडा इकडे तिकडे. त्या एवढ्याशा फुलातून सहा दोरे उपटायचे, आणि शेंगेत बिया मिळणार दहा-वीस. मग कोबीचं संकरित बी करायचं कसं? पहिल्यांदा उपाय सापडला तो कोबीच्याच स्वभावात.

कोबीला स्वतःचं गोत्र ओळखता येतं. फुलातल्या मादीच्या टोकावर एक कुलूप असतं आणि परागाच्या अंगावर किल्ली. किल्ली आपल्याच घरची निघाली तर दार उघडत नाही. पराग तिथेच सुकतो. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, कन्नड घरांत तर मामासुद्धा चालतो. कोबी ह्या बाबतीत फार कडक. त्याचाच फायदा घेऊन जपान्यांनी १९५० च्या सुमारास कोबीचे संकर बाजारात आणले. दोन गोत्रांची झाडं शेजारी शेजारी लावायची, मधमाश्यांनी काम करायचं, स्वतःचा पराग झाड घेतच नाही, म्हणजे जे बी धरेल ते संकरितच.

ऐकायला सोपं वाटतं. पण ते मूळचे शुद्ध वाण दरवर्षी राखायचे कसे? ते तर स्वतःपासूनच वाढवायला हवेत आणि ते स्वतःला नकार देतात. मग कळी उमलायच्या दोन-चार दिवस आधी चिमट्यानं उघडून तिला तिच्याच झाडाचा पराग द्यायचा, कारण कोवळ्या कळीला अजून कुलूप बसलेलं नसतं. म्हणजे पुन्हा चिमटा आणि पुन्हा वाकलेली कंबर. शिवाय ऊन वाढलं की काही झाडांचा हा कडकपणा ढिला पडतो, आणि संकरित म्हणून विकलेल्या पाकिटात घरचीच बी मिसळते. शेतात मग दहा गड्डे मोठे आणि एक बोरासारखा. शेतकरी दुकानदाराच्या दारात, दुकानदार कंपनीच्या दारात.

ह्या सगळ्यावरचा उतारा म्हणजे असं झाड की ज्याचं फूल उमलतं, मादी धडधाकट असते, पण नर नुसता नावाला. पुंकेसर आहेत, त्यांच्यात पराग नाही. इंग्रजी पुस्तकात ह्याला मेल स्टराइल म्हणतात.

आणि इथेच माझं भाषांतर अडलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी मिरचीत अशी झाडं येऊ लागली होती आणि क्रॉसिंगच्या बायकांना ते समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मराठीत मी ‘वांझ नर’ म्हटलं असतं. कन्नडमध्ये बंजे म्हणजे वांझ, आणि नराला गंडु. मी आत्मविश्वासानं म्हटलं, ‘गंडु बंजे.’

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. आमच्या उत्तर कर्नाटकी बोलण्यात शब्दाच्या शेवटचा उकार गळतो. आणि गंड म्हणजे नवरा. त्यांनी ऐकलं ते ‘नवरा वांझ.’ एकीनं तोंडाला पदर लावला, दुसरीनं विचारलं, ‘हौदेन्री अक्कार? हंगू इरतदेनु?’ खरं काय हो ताई, असंही असतं का? आणि मग जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. सगळ्याच हसत होत्या असं मात्र नाही. मागच्या सरीत एक बाई चिमटा हातात धरून नुसती माझ्याकडे बघत राहिली होती. तिचं मला काही माहीत नव्हतं. पण तसं बघणं मी घरी पाहिलेलं होतं.

आमच्या घरी अत्ती होती. वडलांची थोरली बहीण. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिच्या नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला माहेरी पाठवली. ती आमच्या बेळगाव तालुक्यातल्या घरी आली आणि शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली. कोबीच्या शेतात भांगलण असो की काढणी, तिचा हात सगळ्यांत पुढे. रोपं लावण्यात तिच्या तोडीचं आळीत कुणी नव्हतं. तिनं लावलेलं रोप मरत नाही, असं लोक म्हणत. तेच लोक डोहाळजेवणाला तिला बोलवत नसत. ओटी भरताना तिला पुढे करत नसत. आईच्या मैत्रिणी ‘वांझोटी’ म्हणत, वडलांकडच्या बायका ‘बंजी’ म्हणत. सीमाभागात बोल लागायचा तोही दोन्ही भाषांत लागतो.

आणि त्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोलाही मूल झालं नाही. हे आख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्याचा अर्थ काय होतो हे मात्र कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. वडलांनीही नाही. शब्दच नव्हता. वांझ, वांझोटी, बंजी, गोड्डी, सगळे शब्द बाईसाठी. पुरुषासाठी दोन्ही भाषांत जे आहेत ते शिव्या म्हणून आहेत, आणि त्यांचा अर्थ वेगळा.

असो. कोबीकडे येते.

कोबीचं फूल आपल्या भागात कुणी पाहिलेलं नाही. ही मोठी गंमत आहे. बेळगाव तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या कोबी लावतात, गाड्या भरून कोबी गोव्याला जातो, आणि त्या शेतकऱ्याला विचारा की कोबीला फूल कसलं येतं, तर तो सांगू शकणार नाही. कोबीला फुलायचं तर आधी काही आठवडे चांगली बोचरी थंडी सोसावी लागते. आपली थंडी त्याला पुरत नाही. म्हणून बी तयार होतं ते हिमाचलात, काश्मीरमध्ये किंवा परदेशात. कुलू खोऱ्यात कटराईन इथं दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथून ह्या थंड भाज्यांच्या बियाण्याचं मोठं काम झालंय. २००२ च्या एप्रिलमध्ये कंपनीनं मला कुलूच्या एका प्लॉटवर पाठवलं. सफरचंद फुललं होतं आणि त्याच्या खालच्या शेतात कोबी.

थंडीभर राखलेल्या गड्ड्यावर वसंतात सुरीनं फुलीसारखा छेद देतात, म्हणजे आतला दांडा वाट फोडून वर येतो. मग तो छातीएवढा वाढतो आणि पिवळ्या फुलांनी लगडतो. ज्या भाजीला मी जन्मभर जमिनीला चिकटलेलं पाहिलं होतं ती अशी उभी राहिलेली पाहून मला हसू आलं. चार ओळी मादीच्या, एक-दोन ओळी नराच्या, पुन्हा चार ओळी मादीच्या. नराच्या ओळीतलं फूल बोटावर आपटलं की पिवळी पूड. मादीच्या ओळीतलं फूल किंचित लहान, आतले पुंकेसर पांढुरके, सुकलेल्या शेवयांसारखे. कितीही आपटा, काही नाही. फुलं काढायला एकही बाई नव्हती. फक्त मधमाश्यांच्या पेट्या.

ही नर-वांझ कोबी आली कुठून, त्याची हकिगत मी तिथंच पहिल्यांदा नीट ऐकली.

१९६८ साली हिरोशी ओगुरा ह्या जपानी संशोधकानं कागोशिमात मुळ्याची काही झाडं पाहिली ज्यांच्या फुलात पराग नव्हता. आपल्याकडे असं झाड दिसतं तर उपटून गुरांना घातलं असतं. ओगुरानं त्याचा वंश तपासला आणि त्याला दिसलं की हा गुण आईकडून येतो. बाप कोणताही द्या, अशा आईची लेकरं पुन्हा तशीच. आता मुळा आणि कोबी एकाच कुळातले असले तरी सख्खे नव्हेत, चुलत-चुलत. तरी फ्रान्समध्ये बानेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळ्याची आई घेऊन तिला पुन्हा पुन्हा कोबीचा पराग देत देत १९७४ पर्यंत असं झाड उभं केलं की जे बाहेरून कोबी, पण पेशीच्या पोटात मुळ्याचा ऐवज.

ते झाड नर-वांझ होतं. पण थंडी पडली की पिवळं पडायचं. कारण हरितद्रव्याचे कण हेही आईकडूनच येतात, म्हणजे तेही मुळ्याचेच होते, आणि कोबीच्या केंद्रकाशी त्यांचं थंडीत पटेना. फुलात मधही कमी, त्यामुळे मधमाश्या पाठ फिरवायच्या. थंडीतच वाढणारं पीक थंडीतच पिवळं पडणार असेल तर काय उपयोग? जवळपास दहा वर्षं ही गाडी तिथंच अडली. मग १९८३ मध्ये व्हर्सायच्या प्रयोगशाळेत जॉर्ज पेलेतिए आणि मंडळींनी एक वेगळीच युक्ती केली. दोन्हीकडच्या पेशींची बाहेरची भिंत विरघळवून त्या एकमेकींत मिसळून टाकल्या. त्या घुसळणीतून जी नवी झाडं वाढली त्यांतून त्यांनी अशी निवडली की ज्यांत हिरवेपणाचे कण घरचे आणि नर-वांझपणाचा ऐवज तेवढा मुळ्याचा. पुढे फ्लॉवर-ब्रोकोलीसाठी असंच काम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातही झालं. आज संकरित कोबी-फ्लॉवरच्या पुष्कळ पाकिटांत हे मुळ्याचं देणं आहे.

मी दोन फुलं, एक नराच्या ओळीतलं आणि एक मादीच्या, वहीत दाबून घरी आणली. अत्तीला दाखवायला.

अत्ती तेव्हा सत्तरीची होती. आधी तिला विश्वासच बसेना की ही कोबीची फुलं. मग मी शाळेतलं भिंग दिलं. तिनं चष्मा वर केला, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ दोन्ही फुलं आलटून पालटून पाहिली. ‘इद्राग हिट्ट इल्लल्ल,’ ती म्हणाली. ह्यात पीठ नाही की गं. परागाला तिनं पीठ म्हटलं आणि मला वाटलं, वीस पानी भाषांतरापेक्षा हे बरं.

मी तिला सगळं सांगितलं. मादी चांगली आहे. दुसऱ्या झाडाचं पीठ मिळालं तर शेंगा भरून बी धरते. नुसता नर वांझ आहे.

ती काही वेळ बोलली नाही. मग विचारलं, ‘ही खोड त्याला कुणाकडून आली? बापाकडून?’

आता खोटं कसं बोलणार? म्हटलं, ‘आईकडून.’

अत्ती खुदकन हसली. ‘म्हणजे शेवटी बाईच्याच माथी!’

मला त्या क्षणी विज्ञानाचा थोडा रागच आला. पण खरं ते खरं. वनस्पतीच्या पेशीत केंद्रकाबाहेर मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक कण असतात. पेशीला शक्ती पुरवणं त्यांचं काम, आणि त्यांच्याजवळ स्वतःची थोडी जनुकं असतात. हे कण बीजांडातून पुढच्या पिढीत जातात, परागातून सहसा जात नाहीत. ओगुराच्या मुळ्यात ह्या कणांत एक उपटसुंभ जनुक तयार झालंय. फ्रेंच संशोधकांनी १९९० च्या सुरुवातीच्या वर्षांत ते शोधलं, नाव दिलं ओआरएफ १३८, कारण त्यापासून १३८ कड्यांचं एक प्रथिन बनतं. ते प्रथिन पुंकेसराच्या आतल्या, परागाला दूध पाजणाऱ्या अस्तराचा घात करतं. पराग उपाशी मरतो. बाकी झाडाला काहीही होत नाही.

ह्यामागचा हिशेब मात्र विचार करायला लावणारा आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या बाजूनं पाहिलं तर पराग हा वाया गेलेला खर्च, कारण त्यातून त्याला पुढे जाता येत नाही. परागावरची शक्ती वाचली आणि बी जास्त धरलं तर त्याचंच भलं. केंद्रकातल्या जनुकांना मात्र दोन्ही वाटांनी जायचं असतं. म्हणून त्यांनी उलट उतारा काढला. मुळ्याच्याच केंद्रकात एक जनुक आहे जे त्या १३८ कड्यांच्या प्रथिनाची बांधणी रोखतं आणि पराग पुन्हा पिकतो. २००३ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी ते जनुक वेगळं काढलं. तेलबियांच्या पिकात हा उतारा बापाकडून द्यावाच लागतो, कारण तिथं शेतकऱ्याला दाणाच हवा. कोबीत आपण पानं खातो. फूल येवो न येवो, कुणाला पर्वा? म्हणून कोबीत उतारा घालतच नाहीत. घरात एक भांडण चाललंय आणि आपण गड्डा कापून भाजी करतोय, असा हा प्रकार.

हे मी अत्तीला जमेल तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की माणसाचं असं नसतं. ते झाड, आपण माणसं. पुरुषात बीज कमी असण्याची कारणं वेगळी. गालगुंड वृषणात उतरणं, शिरा फुगणं, वाट बंद असणं, कधी जनुकात दोष, कधी काहीच सापडत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. आणि तपासणी किती सोपी! एक छोटी बाटली आणि भिंगाखाली एक थेंब. बायकोला मात्र आधी सोनोग्राफी, मग नळ्यांची तपासणी, मग नवस, मग यल्लम्मा. अत्तीच्या वेळी ती बाटली कुणी तिच्या नवऱ्यापुढे धरली असती? धरली असती तर त्यानं ती फेकली असती. अत्ती म्हणाली, ‘त्याला भिंग कुणी लावलं नाही.’ एवढंच. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. ती दोन फुलं मात्र देवाजवळच्या पंचांगात ठेवून दिली. २००६ साली ती गेली तेव्हा पंचांगासकट ती आईनं मला दिली.

ह्या कुळाचा विषय निघाला की मला आणखी एका माणसाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या घरांतल्या वाचकांना तो जवळचा वाटेल. जपानीत त्याचं नाव उ नागाहारू, कोरियनमध्ये वू जांग-चुन. अक्षरं तीच, वाचायची दोन तऱ्हांनी. जन्म १८९८, टोकियो. आई जपानी, वडील परागंदा झालेले कोरियन लष्करी अधिकारी. हा पाच वर्षांचा असताना वडलांचा खून झाला आणि आईनं हालात वाढवला. त्यानं १९३५ मध्ये मोहरी कुळाचं कोडं सोडवलं. आपल्या फोडणीतली मोहरी ही स्वतंत्र जात नसून शलगमाच्या आणि काळ्या मोहरीच्या जातींचा संकर आहे. एकीच्या गुणसूत्रांचा संच १० चा, दुसरीचा ८ चा, आणि आपल्या मोहरीत बरोबर १८. कोबीचा ९. ह्या तिघी मूळ आणि त्यांच्या जोड्यांतून झालेल्या तिघी संकरित, असा त्याचा प्रसिद्ध त्रिकोण. म्हणजे तडतडते ती मोहरीसुद्धा दोन घराण्यांचीच.

पुढे तो जपानमधल्या एका बियाणे कंपनीत होता. १९५० मध्ये कोरियानं बोलावलं म्हणून बायकामुलांना मागे ठेवून एकटा गेला. कोरियन भाषा त्याला धड येत नव्हती. युद्धानं मोडलेल्या त्या देशाला त्यानं मुळ्याचं, कोबीचं बी करायला शिकवलं. १९५३ मध्ये आई वारली तेव्हा सरकारनं त्याला जपानला जाऊ दिलं नाही. लोकांनी सांत्वनाचे म्हणून जे पैसे पाठवले त्यातून त्यानं बुसानमध्ये आपल्या केंद्राच्या आवारात एक विहीर खणली आणि तिला आईच्या मायेच्या दुधाचा झरा अशा अर्थाचं नाव दिलं. १९५९ मध्ये तो कोरियातच वारला. आम्ही कुठले, असं आपल्या मुलांना कुणी विचारलं की मला तो आठवतो.

ह्या वांझ नराबद्दल माझं मत काय, असं मला माझे चुलतभाऊ विचारतात. ते अजून कोबी लावतात. मी सांगते, पीक एकसारखं येतं, एकदम काढता येतं, गाडी भरते, हे खरं. पण बी राखणं ह्यात बसत नाही. कोबीचं बी तसंही आपण कधी राखत नव्हतो. मुळ्याचं, मोहरीचं मात्र राखत होतो. दुसरं म्हणजे सगळ्यांची आई एकच असणं बरं नव्हे. अमेरिकेत मक्याचं असंच झालं. बहुतेक संकरांत टेक्सासची म्हणून ओळखली जाणारी एकच नर-वांझ आई होती. १९७० मध्ये पानावरचा करपा नेमका तिच्यावरच तुटून पडला आणि देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. कोबीत तसं झालेलं नाही. पण सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची की नाही हे आमच्या अत्तीलाही कळत होतं. ती तीन वेगवेगळ्या वाफ्यांत रोपं टाकायची.

पेशी मिसळण्याच्या त्या युक्तीवरही वाद आहेच. युरोपियन कायदा अशा कोबीला जीएम मानत नाही. तरी डेमेटर, बायोलँड ह्या जर्मनीतल्या सेंद्रिय संघटना ती आपल्या सभासदांना लावू देत नाहीत. आपल्याकडच्या मोहरीची गोष्ट आणखी वेगळी. दिल्ली विद्यापीठातल्या दीपक पेंटल आणि सहकाऱ्यांच्या डीएमएच-११ मध्ये नर वांझ करणारं आणि तो उतरवणारं अशी दोन्ही जनुकं एका जिवाणूतून आणलेली आहेत, म्हणजे ते सरळसरळ जीएम. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला पर्यावरणीय मंजुरी मिळाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २३ जुलै २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींचं मत दोन तऱ्हेचं पडलं. ओगुराची कोबी आणि ही मोहरी लोक एकाच पारड्यात टाकतात. मला ते पटत नाही. एकीत निसर्गानं केलेली खोड उचलून दुसऱ्या घरात नेली, दुसरीत खोड बाहेरून घडवून आणली. विरोध करायचा तर निदान कशाला करतोय ते माहीत हवं.

आणि क्रॉसिंगच्या बायका? टोमॅटोत चिमटा अजून चालू आहे. मिरचीत बऱ्याच ठिकाणी पुंकेसर उपटायचं काम गेलं, नुसता पराग लावायचं राहिलं. कंबरेला आराम मिळाला आणि पगारही कमी झाला. मी नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, पण राणेबेन्नूरला गेले की जुन्या ओळखीच्या भेटतात. ‘गंड बंजे’ हा शब्द तिथे रुळलाय. नर-वांझ ओळीला मजूर बायका सर्रास तसं म्हणतात, हसल्याशिवाय. एकीनं मागच्या खेपेला मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, मुलीच्या नवऱ्याला दाखवायचं तर हावेरीत कुठल्या डॉक्टरकडे न्यावं? जावई यायला तयार आहे म्हणाली.

ह्या वर्षी परसात मुळा फुलायला सोडलाय. पाकीट संकरित होतं. सहा झाडं राहिली, सहाही झाडांची फुलं मी अत्तीच्या भिंगानं पाहिली, एकातही पीठ नाही. पण शेजारच्या परड्यात गावठी मुळा पांढरा-जांभळा फुललाय, मधमाश्या कुंपण मानत नाहीत, आणि माझ्या झाडांना डिंगऱ्या भरपूर धरल्यात. कोवळ्या आहेत तोवर काढायला हव्यात. काल पहिली वाटीभर निघाली, मूगडाळ घालून भाजी केली. फोडणीला मोहरी जरा जास्तच घातली.